पन्हाळा ते विशाळगड : वाडीवाडीने आखायची वाट

12 जुलै 1660 च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा चुकवून पन्हाळ्यावरून निघाले आणि दुसऱ्या दिवशी विशाळगडावर पोहोचले. मागे घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदल मावळे लढले, ती पावनखिंड झाली. ही हकीकत मराठी कॅडेटला सांगावी लागत नाही. पण भर पावसात, अंधारात, पालखीसह शेकडो माणसे जंगलातून नेणे हे शौर्याइतकेच नियोजनाचेही काम होते, हे आपण विसरतो. वाट ठाऊक असलेली माणसे पुढे नसती, तर खिंडीपर्यंतही कोणी पोहोचले नसते.

दर जुलैत कितीतरी गट आजही या वाटेने दोन दिवस चालतात. अंतर साधारण 50 किलोमीटर. मसाई पठार ओलांडले की खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, पाटेवाडी, पांढरेपाणी आणि मग पावनखिंड. मुक्काम मधल्या एखाद्या वाडीत. माझे आजोळ शाहूवाडी तालुक्यात आहे आणि आमच्या हाऊसमध्ये या ट्रेकचा विषय निघाला आहे, म्हणून आखणीबद्दल लिहितो. बेंगळुरूहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने मिरज, तिथून कोल्हापूर, पुढे पन्हाळा. एवढा भाग सोपा आहे.

सुरुवात वेळेच्या हिशेबापासून. मॅप रीडिंगच्या तासाला आपण नेस्मिथचा नियम शिकतो : 5 किलोमीटरला एक तास आणि 600 मीटर चढाला आणखी एक तास. हा नियम 1892 मध्ये स्कॉटलंडच्या डोंगरांसाठी मांडलेला आहे. जुलैतल्या लाल चिखलात तो चालत नाही. ताशी 3 किलोमीटर झाले तरी खूप. त्यात आपण 40 जण. ओढा ओलांडायला एकाला अर्धा मिनिट धरला, तरी सगळ्यांना 20 मिनिटे लागतात. दिवसात असे तीन ओढे आले की एक तास नुसता उभे राहण्यात गेला. म्हणून आखणी उलटी करावी. संध्याकाळी 5 ला मुक्कामी पोहोचायचे हे आधी लिहायचे आणि मागे मोजत यायचे. जंगलात अंधार घड्याळाच्या आधी पडतो.

आता वाटाड्या. पुष्कळ जण पन्हाळ्याहून एकच माणूस शेवटपर्यंत नेतात. माझ्या मते प्रत्येक टप्प्याला त्या त्या वाडीचा माणूस घ्यावा. मसाई पठारावर धुके उतरले की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. तिथे रोज गुरे नेणाऱ्यालाच वळण कळते. खालच्या वाटा तर दरवर्षी बदलतात. गेल्या वर्षी जिथून गेलो, तिथे यंदा भाताचे खाचर असते. मोबाईलमधला नकाशा बिनधास्त त्या खाचरातून नेतो. 40 जोडी बूट एका बांधावरून गेले की बांध फुटतो, पाणी वाहून जाते आणि त्या घरची लावणी वाया जाते. आपण फोटो काढून पुढे जातो, तो माणूस वर्षभर सोसतो.

जुलै म्हणजे नेमके लावणीचे दिवस. त्या दिवशी आपल्याबरोबर येणारा मामा शेतातले दोन हात कमी करून येतो. म्हणून तारीख महिनाभर आधी कळवावी, मजुरी आधी ठरवावी आणि पाऊस पडून ट्रेक रद्द झाला तरी ती द्यावी. जेवणाचेही तसेच. पावसात सरपण ओले असते. 40 माणसांची पिठले-भाकरी सांगून मावशीच्या दारात 55 जणांनी उभे राहायचे नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हुकूम कोणाचा. आपल्याकडे हुकूम उस्तादांचा असतो आणि तो तसाच असावा. पण ओढ्याला पाणी चढले आहे की नाही, हे वाटाड्याला विचारावे. तो "नको" म्हणाला तर उस्तादांनीही नकोच म्हणायचे, हे निघण्यापूर्वीच्या ब्रीफिंगमध्ये सर्वांसमोर ठरलेले असावे. ओढ्याकाठी उभे राहून चर्चा केली, तर उत्साही मुलांचा आवाजच मोठा होतो. पाणी गढूळ झाले, त्यात पाला-काटक्या वाहू लागल्या, म्हणजे वर पाऊस कोसळतो आहे. मग थांबायचे किंवा मागच्या वाडीत परतायचे. त्यासाठी प्रत्येक टप्प्यावर जीप कुठपर्यंत येते, ते ठिकाण नकाशावर लिहून ठेवावे. पाय मुरगळला किंवा साप चावला तर मलकापूरकडे जाणारा रस्ता गाठावा लागतो. तो शोधत बसायला वेळ नसतो.

परवानगीबद्दल एक गोष्ट. जानेवारी 2024 मध्ये कुमार पर्वतावर गर्दी उसळली आणि त्यानंतर कर्नाटक वन विभागाने ट्रेकसाठी ऑनलाइन बुकिंगची सक्ती केली. इथे त्यामुळे सगळे एका ठिकाणी कळते. तिकडे पोलीस ठाणे, वन विभाग, ग्रामपंचायत असे वेगवेगळे विचारावे लागते. जुलै 2024 नंतर विशाळगडावर जाण्यावर निर्बंध आले होते, त्यामुळे गडाची स्थिती निघण्यापूर्वी जरूर विचारावी. नसेल जाता येत, तर पावनखिंडीत ट्रेक संपवावा.

जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पुरचुंडी जवळ ठेवावी. तंबाखू फक्त जळवांसाठी, आणि ती उस्तादांकडे.