वहींतली ठेव

स्नेह्यासोबत्यांचे पत्ते पूर्वीं घरच्या वहींत असत. कोणी पत्ता मागितला, तर "आधीं त्यांस विचारतों" असें म्हणण्याची रीत होती. मनुस्मृतींतील अठरा व्यवहारपदांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेप, म्हणजे विश्वासानें सोंपविलेली ठेव, हें पद येतें. दुसऱ्याचा पत्ता ही अशीच एक ठेव होय.

आतां ती वही मोबाइलमध्यें गेली आहे. गेल्या दिवाळींत पुतण्या महाळुंगे पडवळास आमच्या घरीं आला असतां त्यानें कौतुकानें माझ्या मोबाइलवर एक नवें ॲप बसवून दिलें. ॲपनें संपर्कयादी पाहण्याची परवानगी मागितली. मीं न वाचतांच होकाराची खूण दाबली. दुसऱ्या दिवशीं व्याह्यांपासून दूधवाल्यापर्यंत सर्वांस माझ्या नांवें निमंत्रणें गेलीं. इथवर हंसण्यावारी नेतां आलें असतें. परंतु माझ्या एका दिवंगत मित्राचा मोबाइल त्याची पत्नी अद्याप जवळ बाळगते. त्यावरहि "तुमचे मित्र तुमची वाट पाहत आहेत" असा निरोप गेला. "भाऊजी, हें तुम्हीं पाठविलेंत?" एवढेंच त्या माउलीनें विचारलें. मला उत्तर सुचेना.

असे प्रकार जगभर घडले आहेत. गूगलनें फेब्रुवारी २०१० मध्यें 'बझ' नांवाची सोय काढली. ज्यांच्याशीं आपला पत्रव्यवहार अधिक, त्यांशीं ती आपणांस न विचारतां जोडून देई, आणि ही यादी परक्यांसहि दिसूं शके. फार ओरड झाली व २०११ सालीं ती सोय बंद पडली. सुमारें १५ लक्ष नव्या सभासदांच्या ई-टपालांतील संपर्कयाद्या अनवधानानें आपणांकडे आल्या, अशी कबुली फेसबुकनें २०१९ सालीं दिली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमतानें निर्णय दिला. २०२३ सालीं संसदेनें व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदाहि केला. परंतु एखाद्या व्यक्तीनें आपल्या घरगुती कामासाठीं केलेल्या वापरास तो लागू नाहीं. तेव्हां घरांतला अंगठा ज्याचा त्यानेंच आवरला पाहिजे.

मोबाइलच्या सेटिंग्जमध्यें प्रत्येक ॲपची 'संपर्क' ही परवानगी बंद करतां येते. नवें ॲप बसवितांना जाणत्या मुलांनीं वडील माणसांस तो प्रश्न मोठ्यानें वाचून दाखवावा. मींहि परवानगी बंद केली. पण एकदां गेलेलीं नांवें परत आणण्याचा उपाय मजपाशीं नव्हता. म्हणून त्याच सायंकाळीं मित्राच्या घरीं गेलों आणि वहिनींची क्षमा मागून आलों.