मसण्याऊद: एक बदनाम पाहुणा

रात्री आमच्या रोडपालीत माळ्यावर धपधप ऐकू आली, की कुणीतरी म्हणतंच, ‘मसण्याऊद आलं, काठी आणा!’ मित्रहो, काठी जरा बाजूला ठेवा. हे उदमांजर कबरी उकरून मुडदे खातं, असं लहानपणी कबरस्तानाजवळून जाताना आम्हांलाही सांगत. त्यावरूनच त्याचं हे नाव पडलं. खरं तर त्याचा मुख्य आहार फळांचा: उंबर, जांभूळ, केळी. जोडीला उंदीर आणि किडे. फळांतल्या बिया त्याच्या पोटातून शाबूत बाहेर पडतात आणि दूर कुठेतरी रुजतात. इंडोनेशियातली महागडी ‘कोपी लुवाक’ कॉफी त्याच्या विष्ठेतून वेचलेल्या बियांचीच! म्हणजे परसात उंदरांवर पहारा आणि बिनपगारी माळी.

ढोलीची जुनी झाडं तुटली, की ते दिवसा झोपायला आपला माळा शोधतं. त्याला खाऊ घालू नका, हात लावू नका. कोंडलं तर चावतं. आत पिल्लं नाहीत हे पाहून, रात्री ते बाहेर पडल्यावर फट बुजवा. अडकलंच तर वनविभागाला १९२६ वर कळवा. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं त्याला मारणं गुन्हा आहे. नावात मसण असलं, तरी काम झाडं लावण्याचं आहे बिचाऱ्याचं.