जुन्या स्पोर्ट्स मोटारींची उत्सर्जन चाचणी (कॅलिफोर्निया)

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात मोटारीतून बाहेर पडणाऱ्या विषारी वायूंची जी अनिवार्य तपासणी होते, तिला 'स्मॉग चेक' असे म्हणतात. १९७६ व त्यानंतरच्या मॉडेल-वर्षांच्या बहुतेक पेट्रोल मोटारींना ती दर दोन वर्षांनी द्यावी लागते. पहिली काही वर्षे नव्या मोटारींना सूट असते. चाचणीत अनुत्तीर्ण ठरलेल्या मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. त्यामुळे १९७६ ते १९९९ या काळातील डॅटसन २८०झेड, माझदा आरएक्स-७, एमजीबी किंवा पोर्शे ९११ यांसारख्या स्पोर्ट्स मोटारी जपणाऱ्यांना ही चाचणी मोठ्या काळजीची वाटते. हा लेख या काळातील मोटारींच्या चाचणीविषयी आणि ती उत्तीर्ण होण्यासाठी कराव्या लागणाऱ्या दुरुस्तीविषयी आहे.

पार्श्वभूमी

लॉस एंजेलिस शहरावर साचणारे धुरके हा या सर्व व्यवस्थेचा उगम होय. मूळचे डच असलेले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास असे दाखवून दिले, की न जळालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनाची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो आणि डोळ्यांची आग करणारे धुरके त्यातूनच बनते. १९६७ मध्ये राज्याचे हवा संसाधन मंडळ स्थापन झाले. त्याचे पहिले अध्यक्षही हागेन-स्मिटच होते. स्मॉग चेक कार्यक्रम १९८४ मध्ये सुरू झाला.

पुढे काही वर्षे तीस वर्षांहून जुन्या मोटारींना चाचणीतून सूट मिळत असे आणि ही मर्यादा दरवर्षी एकेक वर्षाने पुढे सरकत असे. २००४ मध्ये संमत झालेल्या कायद्याने हे सरकणे थांबवले. १९७५ व त्यापूर्वीच्या मोटारी कायमच्या सुटल्या, तर १९७६च्या मोटारीला कितीही वय झाले तरी चाचणी चुकत नाही. दिसायला सारख्याच असलेल्या दोन मोटारींपैकी एक १९७५ची आणि दुसरी १९७६ची असेल, तर त्यांचे भवितव्य एवढ्या एका वर्षाने वेगळे होते. जुनी मोटार विकत घेणारे तिथले जाणकार रंग-रूपाआधी मॉडेल-वर्ष पाहतात, ते यामुळेच.

चाचणीचे स्वरूप

२००० व त्यानंतरच्या मोटारींची तपासणी मुख्यतः त्यांच्या संगणकाला जोडणी करून होते. त्याआधीच्या मोटारींचा धूर मात्र प्रत्यक्ष मोजला जातो. हवेचे प्रदूषण जास्त असलेल्या भागांत मोटारीची चाके रुळांवर फिरवून तिला भार दिला जातो आणि ताशी १५ मैल (सुमारे २४ किमी) व ताशी २५ मैल (सुमारे ४० किमी) अशा दोन वेगांवर हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड व नायट्रिक ऑक्साइड हे तीन वायू मोजले जातात. कमी प्रदूषणाच्या भागांत मोटार जागेवरच उभी ठेवून इंजिनाच्या दोन गतींवर मापन होते. नायट्रोजनाची ऑक्साइडे इंजिनावर भार असतानाच विशेष निर्माण होतात, म्हणून या सोप्या चाचणीत ती मोजली जात नाहीत.

आपल्याकडील 'पीयूसी' या दुसऱ्या प्रकाराला जवळची आहे. पेट्रोल मोटारीचे इंजिन उभ्या जागी चालवून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजले, की प्रमाणपत्र मिळते. कॅलिफोर्नियात मात्र धूर मोजणे हा तपासणीचा केवळ एक भाग आहे. तंत्रज्ञ बॉनेट उघडून कारखान्याने बसवलेली प्रत्येक प्रदूषणरोधक वस्तू जागेवर आहे की नाही हे डोळ्यांनी पाहतो, ठिणगीची वेळ तपासतो आणि १९९५पर्यंतच्या मोटारींत टाकीतून पेट्रोलची वाफ बाहेर निसटते का, हेही पाहतो. यांपैकी कोणत्याही एका भागात उणीव आढळली तरी मोटार अनुत्तीर्ण ठरते, मग धूर कितीही स्वच्छ असो.

अहवालाचे वाचन

चाचणीनंतर मिळणाऱ्या छापील अहवालात प्रत्येक वायूपुढे तीन आकडे असतात: कमाल मर्यादा, उत्तीर्ण होणाऱ्या तशाच मोटारींची सरासरी आणि या मोटारीचे मोजमाप. बहुतेक मालक फक्त पहिला व तिसरा आकडा पाहतात. खरे शिकवतो तो मधला आकडा. निरोगी इंजिन मर्यादेच्या कितीतरी खाली असते. जेमतेम मर्यादेत बसलेली मोटार दोन वर्षांनी बहुधा अडकणार, असे समजावे. याच अहवालात कार्बन डायऑक्साइड व ऑक्सिजन यांचीही टक्केवारी असते. हे दोन वायू उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवत नाहीत, पण दोष शोधताना त्यांचा उपयोग सर्वांत जास्त होतो.

पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा मिळाली, तर ज्वलन पूर्ण होते. इंधन याहून जास्त झाले, की कार्बन मोनॉक्साइड वाढतो व ऑक्सिजन जवळजवळ शून्यावर येतो. अशा वेळी तुंबलेला एअर फिल्टर, कार्ब्युरेटरमधील वर राहिलेला फ्लोट, इंधनाचा अवाजवी दाब, निकामी ऑक्सिजन सेन्सर किंवा इंजिन थंडच आहे असे सांगत राहणारा तापमान सेन्सर यांचा संशय घ्यावा. हायड्रोकार्बन वाढला आणि सोबत ऑक्सिजनही वाढला, तर एखाद्या सिलिंडरमधील मिश्रण पेटतच नाही. अशा वेळी स्पार्क प्लग, त्यांच्या तारा, डिस्ट्रिब्युटरचे झाकण आणि चिरलेल्या रबरी नळ्यांतून होणारी हवेची गळती तपासावी. मात्र एअर पंप असलेल्या मोटारीत ऑक्सिजनचा आकडा फसवा असतो, कारण पंप बाहेरची हवा थेट निष्कास नळीत सोडतो.

नायट्रिक ऑक्साइडचे वागणे उलट आहे. ज्वलन जितके उष्ण, तितका तो जास्त. ठिणगी वेळेआधी पडणे, इंजिन तापणे, दट्ट्यांवर काजळीचा थर साचणे, मिश्रणात हवा जास्त असणे किंवा जळालेला वायू थोडा पुन्हा इंजिनात सोडून ज्वलन थंड ठेवणारी 'ईजीआर' झडप अडकणे, ही त्याची नेहमीची कारणे.

या उलट वागण्यामुळेच अंदाजाने केलेली दुरुस्ती फसते. कार्बन मोनॉक्साइड वाढला म्हणून मिश्रणातील इंधन कमी केले, तर तो उतरतो, पण नायट्रिक ऑक्साइड चढतो. टाकीत मद्यार्क ओतण्याचा जुना उपायही मिश्रण विरळ करतो आणि त्याच खड्ड्यात नेतो. तिन्ही वायू एकाच वेळी जास्त असतील, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी झाल्याची शक्यता मोठी असते. तथापि तो बदलण्यापूर्वी इंजिनाचा दोष दूर करणे अत्यावश्यक आहे. न पेटलेले पेट्रोल किंवा जळणारे ऑइल नव्या कन्व्हर्टरलाही काही दिवसांत मारून टाकते. या क्रमाची उलटापालट ही सर्वांत महागात पडणारी चूक होय.

स्पोर्ट्स मोटारींच्या विशेष अडचणी

पहिली अडचण यांत्रिक नसून मानवी आहे. स्पोर्ट्स मोटारीचा मालक तिला 'मोकळे' करू पाहतो. एअर पंप काढणे, कन्व्हर्टरच्या जागी सरळ नळी बसवणे, मूळ कार्ब्युरेटर काढून दोन-तीन मोठे लावणे हे प्रकार पूर्वीच्या एखाद्या मालकाने केलेले असतात आणि काढलेले सुटे भाग केव्हाच भंगारात गेलेले असतात. नव्या मालकाला ते शोधावे लागतात. बाहेरचा भाग चालतो, पण त्याला हवा संसाधन मंडळाचा मान्यता-क्रमांक असला पाहिजे. कन्व्हर्टरच्या बाबतीत तर तो त्या विशिष्ट मोटारीसाठीच मान्य असावा लागतो. बॉनेटखालील लेबलावर मोटारीत कोणती उपकरणे होती व नळ्यांची जोडणी कशी होती हे छापलेले असते; तंत्रज्ञ त्याच्याशीच ताडून पाहतो. पुन्हा रंग देताना हे लेबल काढून टाकणारे कारागीर मालकाला नकळत मोठ्या अडचणीत टाकतात.

माझदा आरएक्स-७चे उदाहरण निराळे आहे. तिच्या फिरत्या रोटरच्या इंजिनात ज्वलनकक्ष लांबट व चपटा असतो. ज्वाला थंड भिंतींशी विझते आणि बरेच इंधन न जळता बाहेर पडते. शिवाय रोटरच्या कडा वंगणासाठी थोडे ऑइल मुद्दाम कक्षात सोडलेले असते. म्हणून या मोटारीत नायट्रिक ऑक्साइड स्वभावतः कमी, पण हायड्रोकार्बन भरपूर. निष्कासात हवा सोडून तो जाळणारा पंप तिच्यात नुसती शोभेची वस्तू नाही. तो काढला की चाचणी संपलीच.

तिसरी गोष्ट म्हणजे वापर. वर्षातून चार-सहा वेळाच गॅरेजबाहेर निघणाऱ्या मोटारीत पेट्रोल शिळे होते, इंजेक्टर चिकटतात आणि इंजिन ऑइलमध्ये पेट्रोल मिसळून त्याची वाफ श्वसननळीवाटे परत इंजिनात जाते. केवळ ऑइल बदलून हायड्रोकार्बन उतरल्याचा अनुभव जुन्या मेकॅनिकांना असतो, तो यामुळे.

चाचणीच्या दिवशी

कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. घरापासून दोन गल्ल्यांवरच्या केंद्रात थंड मोटार नेणे म्हणजे ती हातानेच नापास करणे. वीस मिनिटे महामार्गावर चालवून मगच केंद्रात जावे आणि रांगेत फार वेळ थांबावे लागणार नाही अशी वेळ घ्यावी. निकाल अधिकृतपणे न नोंदवता पूर्वचाचणी करून घेण्याची सोयही आहे. तिचा लाभ घेणे शहाणपणाचे, कारण मर्यादेच्या फार पलीकडे गेलेल्या मोटारीवर 'अतिप्रदूषक' असा शिक्का बसतो आणि तो पुसण्याचे नियम अधिक कडक आहेत.

सवलती

इंजिनच बदललेल्या मोटारींची तपासणी राज्याने नेमलेल्या पंच-केंद्रांवर होते. तेथे बसवलेले इंजिन मूळ मोटारीच्या वर्षाचे किंवा त्याहून नवे असावे आणि त्या इंजिनाची सर्व उपकरणे सोबत असावीत, अशी अट असते. किमान ३५ वर्षे जुन्या व संग्राह्य म्हणून विमा उतरवलेल्या मोटारींना याच केंद्रांवर उपकरणांच्या पाहणीतून सूट मिळू शकते. धुराची मर्यादा मात्र त्यांनाही पाळावी लागते, आणि इंधनाची गळती नाही व टाकीचे झाकण घट्ट बसते हेही दाखवावे लागते.