‘यात तुझे वाक्य कोणते?’

पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याने स्त्रीशिक्षणाविषयी इंग्रजीत आठ पानांचा निबंध लिहून आणला. इंग्रजी निर्दोष होते, आणि तेच मला खटकले. त्याला जवळ बसवून मी विचारले, “यात तुझे वाक्य कोणते?” तो बराच वेळ पाने उलटत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, “मॅडम, एवढ्या मोठ्या लोकांनी इतकं चांगलं लिहून ठेवलंय, त्यात माझं कशाला घालू?” आठ पानांत उताऱ्यामागून उतारा दुसऱ्याचा होता आणि एकाही लेखकाचे नाव नव्हते. विद्यापीठाच्या भाषेत यास वाङ्मयचौर्य म्हणतात. त्या मुलाच्या मनात चोरी नव्हती, संकोच होता.

घरातील पहिलेच पदवीधर होऊ पाहणारे, मराठी माध्यमातून आणि अनेकदा निवासी शाळांतून आलेले विद्यार्थी माझ्या वर्गात असतात. मुलाला इंग्रजी बोलता आले की अडचण संपली, अशी पालकांची समजूत असते. परंतु मुलाखतीपुरते इंग्रजी बोलणे निराळे आणि महाविद्यालयात ज्यास ‘अकॅडमिक रायटिंग’ म्हणतात ते अभ्यासपर लेखन निराळे. एखाद्या प्रश्नावर इतरांनी काय म्हटले आहे ते त्यांच्या नावानिशी मांडणे, त्यापुढे आपले म्हणणे ठेवणे आणि त्याला आधार देणे, हे या लेखनाचे काम आहे. व्याकरण त्यानंतर येते.

शाळेत आपण मुलांना नेमके याच्या उलट शिकवलेले असते. फळ्यावरचे उत्तर वहीत, वहीतले तोंडात आणि तोंडातले उत्तरपत्रिकेत. जितके हुबेहूब तितके गुण अधिक. गाइडमधील उत्तराखाली त्याच्या लेखकाचे नाव लिहा, असे कोणी कधी सांगितलेले नसते. हा मुलांचा आळस नव्हे. परीक्षेनेच त्यांना हे वळण लावले. पुढे विद्यापीठात हा नियम उलटतो आणि उलटल्याची वर्दी मात्र कोणी देत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधात इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो; ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष सादरीकरणास मनाई आणि त्यापुढे नोंदणीच रद्द. ज्याच्या घरी पुढच्या वर्षाच्या खर्चाची तजवीज नाही, त्याचे शिक्षण अशा एका वर्षात कायमचे सुटू शकते.

आता चुकांविषयी. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने १९७० मध्ये शहरातील सर्व शालान्त उत्तीर्णांना प्रवेश खुला केला. त्यापूर्वी कृष्णवर्णीय आणि पोर्टोरिकन विद्यार्थ्यांनी त्यासाठी आंदोलन केले होते. प्रवेश मिळाले, मुले वर्गात आली आणि त्यांचे निबंध पाहून अध्यापक हबकले. ‘ही मुले शिकण्याजोगी नाहीत’ हा शेरा आपल्यालाही अपरिचित नाही. तेथील सिटी कॉलेजमधील मिना शॉनेसी या अध्यापिकेने मात्र अशा सुमारे चार हजार निबंधांचा अभ्यास करून १९७७ मध्ये एक ग्रंथ लिहिला. चुका आंधळ्या नसतात, त्यांच्यामागे विद्यार्थ्याने स्वतः बसवलेला काही नियम असतो. तो ओळखा म्हणजे शिकवता येईल, असे त्यांचे प्रतिपादन होते.

आपल्या मुलांच्या वह्या या दृष्टीने पाहाव्यात. ‘ऑल्दो’ने सुरू झालेल्या वाक्यात मध्येच ‘बट’ येतो, कारण मराठीत ‘जरी’ला ‘तरी’ लागतोच. इंग्रजीला दोहोंपैकी एकच पुरतो. ‘द फार्मर्स हू हॅव नो लँड, दे गो टू द सिटी’ या वाक्यातील ‘दे’ ही ‘जे शेतकरी... ते’ या जोडीतील ‘ते’ची सावली आहे. ‘अ’ आणि ‘द’ गळतात, कारण मराठीत तसा शब्दच नाही. एवढे समजावून सांगितले की मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. आपल्याला इंग्रजी ‘येत नाही’ असे नसून आपली मराठी पक्की आहे, हे त्यांना प्रथमच कोणी सांगत असते.

परिच्छेदाची गोष्ट थोडी वेगळी. आपला शालेय निबंध सुभाषिताने उघडतो आणि मुद्द्यापाशी शेवटी पोहोचतो. इंग्रजी अभ्यासपर परिच्छेद सहसा मुद्दा आधी सांगतो. पूर्वेकडील भाषांत विचारच वळसे घेत चालतो, अशा अर्थाची आकृती रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकी अभ्यासकाने १९६६ मध्ये काढली होती. मला ती पटत नाही. मराठी अग्रलेख पहिल्या ओळीतच भूमिका घेतो. दोष भाषेचा नसून निबंधाच्या साच्याचा आहे.

मी वर्गात नमुना म्हणून जो लेख वाचायला देते, तोही न्यूयॉर्कमध्येच वाचला गेलेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी वयाच्या पंचविसाव्या वर्षी, मे १९१६ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध सादर केला. आपण तो त्यातील विचारांसाठी वाचतो. मुलांनी एकदा त्याची बांधणीही पाहावी. बाबासाहेब प्रथम सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या जातीविषयक व्याख्या त्यांच्या नावांसह समोर ठेवतात. मग प्रत्येकीत काय कमी-अधिक आहे ते दाखवतात. यांतील श्रीधर व्यंकटेश केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकारच. त्यांच्या चिकित्सक दृष्टीचे बाबासाहेब मोकळेपणाने कौतुक करतात आणि लगेच मतभेद नोंदवतात. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती: जातीबाहेर विवाहास बंदी आणि केवळ जन्माने मिळणारे सदस्यत्व. ही दोन नव्हेत, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असे बाबासाहेब दाखवून देतात. तेथून जातीअंतर्गत विवाह हेच जातीचे मर्म, हे त्यांचे स्वतःचे प्रतिपादन सुरू होते. शेवटी, आपले मत टिकण्याजोगे नाही असे सिद्ध झाल्यास ते सोडण्याची तयारीही ते नोंदवतात.

ज्याची मातृभाषा इंग्रजी नव्हती अशा विद्यार्थ्याने, प्रतिष्ठित विद्वानांची नावे घेऊन, आदर राखून, ‘हे मला मान्य नाही’ असे कसे लिहावे, याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही. ‘माझं कशाला घालू’ म्हणणाऱ्या मुलालाही मी हाच निबंध दिला. चार व्याख्या चार रंगांच्या पेन्सिलींनी आणि बाबासाहेबांची स्वतःची वाक्ये निळ्या शाईने अधोरेखित करायला सांगितली. पुढची पाने निळी होत गेली, तसा तो सावरून बसला.

वर्गातील रीत साधी आहे. उतारा वाचायचा, पुस्तक मिटायचे, शेजाऱ्याला तो मराठीत सांगायचा, मग इंग्रजीत लिहायचा. शेवटी पुस्तक उघडून ताडून पाहायचे आणि लेखकाचे नाव द्यायचे. मधल्या मराठीमुळे मूळ शब्दरचना आपोआप सुटते आणि समजले नसेल तर तेथेच उघडे पडते. मराठी वर्गात आणली म्हणून काही सहकारी नाराज होतात. त्यांनी एकदा निकाल पाहावा. क्रियापदांवर आम्ही बराच वेळ घालवतो. मुले सर्वांसाठी ‘सेज’ वापरतात. पण लेखक नुसते म्हणतो, सुचवतो, दावा करतो की सिद्ध करतो, हे निवडताना मजकूर कळावाच लागतो. पहिल्या खर्ड्यावर मी लाल शाई लावत नाही, फक्त ‘कशावरून?’ एवढेच समासात लिहिते. आता यंत्रही क्षणात निबंध लिहून देते; त्यालाही ‘कशावरून?’ विचारले की बहुतेकदा विद्यार्थ्यालाच उत्तर द्यावे लागते.

एका मुलीचा खर्डा ‘शिक्षण समाजासाठी फार महत्त्वाचे आहे’ अशा अर्थाच्या वाक्याने सुरू झाला होता. कशावरून? ती सुट्टीत गावी गेली आणि अकरा घरी विचारून आली. दुसऱ्या खर्ड्यात तिने लिहिले की, दहावीनंतर गावातील मुलींची शाळा सुटण्याचे एक कारण म्हणजे कनिष्ठ महाविद्यालय नऊ किलोमीटरवर आहे आणि संध्याकाळी परतीची एस.टी. नाही, पालकांची अनास्था हे कारण सांगितले जाते, पण तिने विचारलेल्या घरांत तसे आढळले नाही. त्या वाक्यात दोन ठिकाणी ‘द’ राहिला होता. तो मी तिसऱ्या खर्ड्याच्या वेळी दाखवला.