एका वेळी एकच आवाज

आमच्या पिढीच्या माणसाला ‘ऑर्गन’ म्हटले की संगीत नाटक आठवते. रंगमंचाच्या पुढ्यात एका कडेला बसलेला वादक, पायांनी सारखा चालणारा भाता आणि नांदीच्या आधी त्याने धरून ठेवलेला तो भरदार सूर. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून मी तो ऐकला आहे. त्यामुळे युरोपातल्या चर्चमधला ऑर्गन म्हणजे आपल्या पायपेटीचाच कोणी थोरला भाऊ असणार, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती.

ती समजूत घेऊनच १९८५ साली, बँकेतून परतताना, मी फोर्टच्या पदपथावर एक जुनी रेकॉर्ड घेतली. साधे वेष्टन, त्यावर चित्र नाही, नुसती अक्षरे. रचना बाखची, ‘आर्ट ऑफ फ्यूग’. वादक हेल्मुट वाल्खा. वाद्य हॉलंडमधल्या आल्कमार गावच्या सेंट लॉरेन्स चर्चचा ऑर्गन. दोन रेकॉर्डचा संच होता, त्यातली पहिलीच तेवढी शिल्लक होती. विकणाऱ्याने वीस रुपये सांगितले. मी घुटमळतो आहे असे पाहून तो म्हणाला, ‘‘ले लो साहब, बजानेवाला अंधा है.’’ या वाक्याचा भावाशी काय संबंध ते मला कळले नाही, पण मी वीस रुपये दिले.

घरी येऊन लावली आणि पंधरा मिनिटांत बंद केली. नाद मोठा होता, पण मींड नव्हती, सम नव्हती, दाद द्यावी अशी ‘जागा’ कुठे सापडेना. हेड ऑफिसच्या टायपिस्टने एखादे लांबलचक परिपत्रक न थांबता टाइप करावे, तसे ते मला वाटले. रेकॉर्ड कपाटात गेली आणि माझ्या बदल्यांबरोबर गावोगाव फिरत राहिली.

तिची आठवण झाली ती तीन वर्षांपूर्वी, डोळ्यांच्या दवाखान्यातून परत आलो त्या संध्याकाळी. नजरेचा परीघ तपासायचे एक यंत्र असते. हनुवटी टेकवून समोरच्या बिंदूकडे पाहात बसायचे आणि कडेला कुठे प्रकाशाचा ठिपका चमकला की हातातले बटण दाबायचे. मी इमानेइतबारे बसलो होतो. बराच वेळ ठिपका दिसेना, तेव्हा मला वाटले यंत्र बंद पडले. यंत्र चालू होते. डॉक्टरांनी कागदावरचा काळा भाग दाखवून सांगितले, ‘‘काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. आहे ती थेंब घालून सांभाळायची.’’

बाहुल्या मोठ्या करायचे औषध घातलेले असल्याने त्या संध्याकाळी वाचणे शक्य नव्हते. दिवा सहन होत नव्हता. आयुष्यभर लेजरे तपासली, रात्री बसून कादंबऱ्या लिहिल्या, दोन्ही व्यवसाय डोळ्यांचे. अंधारात बसल्या बसल्या पदपथावरच्या त्या माणसाचे वाक्य आठवले. रेकॉर्डप्लेअर केव्हाच मोडीत गेला होता. मुलाने मोबाइलवर तेच ध्वनिमुद्रण शोधून दिले आणि मी चाळीस वर्षांपूर्वी अर्धवट सोडलेले ऐकणे पुन्हा सुरू केले.

वाल्खाचा जन्म १९०७चा, लाइपझिगचा; म्हणजे बाखने आयुष्याची शेवटची २७ वर्षे ज्या गावात काढली, तिथलाच. दृष्टी अधू होतीच, ती विशीच्या आत पूर्ण गेली. लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चचे ऑर्गनवादक ग्युंटर रामिन यांच्याकडे तो शिकला आणि १९२९मध्ये फ्रँकफुर्टला जाऊन तिथल्या चर्चमध्ये वाजवू लागला. पुढे तिथेच प्राध्यापकही झाला. बाखची जवळजवळ सारी ऑर्गनरचना त्याला तोंडपाठ होती. १९४७पासून त्याने तिचे ध्वनिमुद्रण सुरू केले, पहिल्यांदा मोनोमध्ये, आणि स्टीरिओचे तंत्र आल्यावर पुन्हा सारे पहिल्यापासून. माझ्याकडची रेकॉर्ड त्या दुसऱ्या फेरीची, १९५६ची. १९९१मध्ये फ्रँकफुर्टलाच तो वारला.

हे सारे त्याने पाठ कसे केले? त्याच्यासाठी आधी त्याची आई, नंतर पत्नी उर्सुला आणि पुढे शिष्यही पेटीवर बसत आणि रचनेतला फक्त एक आवाज वाजवून दाखवीत. चार आवाजांची रचना असेल तर आधी एकटा पहिला, तो पाठ झाला की एकटा दुसरा, मग तिसरा, मग चौथा. चारही आवाज असे सुटे सुटे त्याच्या मनात जात आणि एकत्र येत ते तिथेच. शिष्यांनाही तो प्रत्येक आवाज वेगळा पाठ करायला लावी.

याचे महत्त्व समजायला फ्यूग म्हणजे काय ते थोडे सांगितले पाहिजे. एक आवाज एक छोटी सुरावट मांडतो. ती संपली की दुसरा आवाज तीच सुरावट वेगळ्या उंचीवरून उचलतो, पण पहिला गप्प बसत नाही; तो स्वतःचे बोलणे पुढे चालू ठेवतो. मग तिसरा येतो, मग चौथा. यात कोणी गायक नाही आणि कोणी साथीदार नाही. ‘आर्ट ऑफ फ्यूग’ची मूळ सुरावट आपल्या पेटीवर कोणालाही काढता येईल. पांढरी दोनचा सा धरा. सा, वरचा पंचम, कोमल गंधार, पुन्हा सा, खालचा शुद्ध निषाद, सा, रे, कोमल गंधार, आणि मध्यमाला स्पर्श करून परत सा. एवढ्याशा भांडवलावर बाखने सारा ग्रंथ उभा केला. ती सुरावट उलटी केली, दुप्पट संथ केली, स्वतःच्याच अंगावर चढवली. कोणत्या वाद्यावर वाजवायचे, ते मात्र लिहिले नाही.

वाल्खाने ती वाजवली आल्कमारच्या ऑर्गनवर. ॲमस्टरडॅमच्या उत्तरेचे हे गाव प्रवाशांना माहीत आहे ते चीजच्या बाजारासाठी. तिथल्या या चर्चमध्ये दोन ऑर्गन आहेत. धाकटा १५११ सालचा, हॉलंडमधला आजही वाजणारा सर्वांत जुना. मोठा १६४०च्या दशकात पुरा झाला. त्याच्या दर्शनी मांडणीचा आराखडा याकोप फान काम्पेन या वास्तुशिल्पीचा, आणि मिटता येणाऱ्या प्रचंड दारांवर दाविदाने गोलियाथला मारल्यानंतरच्या विजयोत्सवाचे चित्र. १७२३ ते १७२५ या काळात फ्रान्स कास्पर श्निटगर या जर्मन कारागिराने तो आतून जवळजवळ नवा केला. त्यावरून गावात मोठा वाद पेटला, जुना ऑर्गन बिघडवला म्हणून. चर्चचा वादक हाविंगा याला बाजू मांडण्यासाठी १७२७मध्ये पुस्तक लिहावे लागले! ज्याला आज आपण ऐतिहासिक वाद्य म्हणून मान देतो, ते असे एकेकाळी भांडणाचे कारण होते.

पायपेटीत पितळी पट्टी थरथरते. इथे मात्र धातूच्या आणि लाकडाच्या नळ्या असतात, बोटाएवढ्यापासून माणसाच्या तीन-चार पट उंचीपर्यंत. पट्टी दाबली की लाकडी काड्यांच्या यंत्रणेने दूरवरची झडप उघडते आणि नळीत वारा शिरतो. पायांसाठी वेगळ्या पट्ट्या असतात, त्यामुळे खालचा आवाज पायांकडे सोपवता येतो. मात्र एक मोठी अडचण आहे. पट्टी हळू दाबा की जोरात, सूर तेवढाच लागतो. पट्टी सोडेपर्यंत तो कमी होत नाही की वाढत नाही. वादकाच्या हाती उरते ते दोनच गोष्टींवर नियंत्रण: सूर किती वेळ धरायचा, आणि दोन सुरांमध्ये किती श्वास ठेवायचा.

त्या संध्याकाळी माझ्या कानांना सापडले ते हे श्वास. पहिल्या फ्यूगमध्ये मधला आवाज सुरुवात करतो, मग सर्वांत वरचा, मग सर्वांत खालचा, आणि शेवटी उरलेला चौथा. वाल्खा कुठेही घाई करीत नाही, कुठेही लाडात येत नाही. पण प्रत्येक आवाज आपल्या वाक्याच्या शेवटी किंचित थांबतो आणि तेव्हा दुसरे थांबलेले नसतात. दोन हात, दोन पाय, एक माणूस. आणि चार जणांचे श्वास निरनिराळ्या जागी. चार खात्यांच्या नोंदी वेगळ्या आणि दिवसाखेर बेरीज पैपर्यंत जुळलेली! फ्यूगच्या शेवटाकडे दोन ठिकाणी सारेच एकदम गप्प होतात. त्या गप्पपणात चर्चच्या उंच छताखाली विरत जाणारा नाद ऐकू येतो. ज्याला मी टायपिस्टचे काम समजलो होतो, ते हे होते.

या रचनेला आणखी एक कडा आहे. तिचा शेवटचा मोठा फ्यूग हस्तलिखितात २३९व्या मापाशी मध्येच तुटतो. तुटतो तो कुठे, तर बाखने आपल्याच नावाची अक्षरे सुरांत गुंफल्यानंतर थोड्याच वेळाने. जर्मन स्वरलिपीत ‘बाख’ म्हणजे आपल्या पेटीवरची काळी पाच, पांढरी सहा, वरची पांढरी एक आणि पांढरी सात. लिहिता लिहिता इथेच त्याला मृत्यू आला, असे त्याच्या मुलाने नोंदवले. आजचे अभ्यासक ते तितके खरे मानत नाहीत. खरे आहे ते हे, की १७५०च्या वसंतात एका फिरत्या इंग्रज डॉक्टराने बाखच्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली, दृष्टी पार गेली आणि २८ जुलैला तो वारला. अडलेल्या या फ्यूगचा शेवट पुढे वाल्खाने स्वतः रचला. तो बाखला शोभतो की नाही हे ठरवण्याचा मला अधिकार नाही.

आता घरची गोष्ट. माझी नवी कादंबरी तेव्हा अर्ध्यावर होती. लिहिणे जमत होते, पण लिहिलेले पाने उलटून पुन्हा तपासणे डोळ्यांना झेपत नव्हते. पत्नी वाचून दाखवू लागली. ऐकताना सगळे बरेच वाटायचे, आणि तीच अडचण होती. एके दिवशी मी तिला म्हटले, ‘‘अगं, आज सगळे वाचू नकोस. फक्त धाकट्या जावेचे बोलणे वाच, पहिल्या पानापासून. बाकीच्यांना सोड.’’

तिने चष्मा सारखा केला आणि वाचत गेली. सव्वाशे पानांतले तिचे बोलणे सात-आठ मिनिटांत संपले. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग ती म्हणाली, ‘‘अहो, हिला तुम्ही सबंध कादंबरीत चहाच विचारायला ठेवली आहे.’’

खरे होते. चार माणसांच्या घराची कादंबरी मी लिहीत होतो आणि त्यात एका माणसाला स्वतःचे असे एकही वाक्य नव्हते. डोळ्यांनी वाचताना हे मला कधी दिसले नसते, कारण पानावर ती सारखी हजर होती. मी चार प्रकरणे काढून टाकली आणि तिच्यापासून पुन्हा सुरुवात केली. नंतर थोरल्या दिराचे बोलणे वेगळे वाचून घेतले. मग सासूबाईंचे.

कादंबरी गेल्या वर्षी पुरी झाली. डोळ्यांत रात्री थेंब घालतो, दर सहा महिन्यांनी त्या यंत्रापुढे हनुवटी टेकवतो. कागदावरचा काळा भाग अजून वाढलेला नाही. थेंब घातल्यावर डोळे मिटून थोडा वेळ पडून राहावे लागते. तेवढ्यात पहिला फ्यूग बरोबर बसतो. पत्नी अलीकडे शेजारी येऊन बसते. परवा तिने विचारले, ‘‘तो चौथा आला ना आता?’’ मी म्हटले, ‘‘आला.’’