मिठागराचें कडू पाणी आणि घरचे लेप

ज्या घरांत अद्याप खडेमीठ वापरतात, तेथील गृहिणीस एक गोष्ट मुद्दाम सांगावयास नको. आषाढ लागला कीं बरणींतल्या मिठाला पाणी सुटतें. हा दोष निव्वळ मिठाचा नव्हे. खड्यांना चिकटून आलेला मॅग्नेशियम क्लोराइड नांवाचा दुसरा एक क्षार हवेंतली ओल शोषून घेतो आणि तींतच विरघळून जातो. शुद्ध करून पिशवींत भरलेल्या बारीक मिठांतून तो बहुतेक काढून टाकलेला असतो.

हा क्षार येतो कोठून, हें समजून घेण्यास नाहूरच्या रहिवाशाला फार लांब जावयास नको. स्टेशनाच्या पूर्वेस द्रुतगति महामार्ग ओलांडला कीं ठाण्याच्या खाडीच्या बाजूस भांडुप, नाहूर, मुलुंड या गांवांची मिठागरांची जमीन लागते. तेथील मिठाचा धंदा आतां ओसरला आहे. पण त्याची रीत जाणून घेण्याजोगी आहे. भरतीचें पाणी एका वाफ्यांतून दुसऱ्यांत खेळवीत उन्हानें आटवावयाचें, आणि शेवटच्या वाफ्यांत मीठ धरलें कीं तें ओढून कांठावर ढीग लावावयाचे. मीठ निघाल्यावर जें दाट, बोटांस बुळबुळीत आणि जिभेस कडू असें पाणी मागें राहतें, त्यांत समुद्राचें बहुतेक मॅग्नेशियम गोळा झालेलें असतें. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत तें सुमारें सव्वा ग्रॅम असतें. या कडू पाण्यांत त्याच्या कित्येक पटींनीं अधिक. गुजरातेंत खाराघोडा येथें अशाच पाण्यापासून मॅग्नेशियम क्लोराइड काढीत, आणि मुंबईच्या गिरण्या सुताला खळ देतांना तें वापरीत. म्हणजे आपल्या आजोबांनीं धोतराबरोबर हा क्षारही थोडाफार नेसला असेल!

मात्र औषध म्हणून कोणी खाडीकांठचें पाणी बाटलींत भरून आणूं नये. ठाण्याच्या खाडींत शहरांचें सांडपाणी आणि कारखान्यांचा मळ वर्षानुवर्षें मिसळत आला आहे, आणि पाणी आटतें तेव्हां क्षारांबरोबर तो मळही दाट होतो. घरीं वापरावयाचा क्षार औषधांच्या दुकानांतूनच घ्यावा. तो फार महागही नसतो.

हल्लीं ‘मॅग्नेशियम ऑइल’ या नांवाच्या बाटल्या बऱ्याच खपतात. हें तेल मुळींच नव्हे. मॅग्नेशियम क्लोराइडचे पापुद्रे आणि पाणी समभाग घेऊन ढवळले कीं तें तयार होतें, आणि हाताला तेलकट लागतें एवढ्यावरून त्यास तेलाचें नांव मिळालें आहे. तें अंगास चोळल्यानें मॅग्नेशियम रक्तांत उतरतें, झोंप लागते, गोळे येणें थांबतें, असें सांगतात. या दाव्यांची छाननी करणारा एक लेख २०१७ सालीं ‘न्यूट्रिएंट्स’ या शास्त्रीय नियतकालिकांत आला; त्वचेवाटे मॅग्नेशियम पुरेसें आंत जातें यास आधार नाहीं, असा त्याचा निष्कर्ष होता. त्वचेचें कामच मुळीं बाहेरचें बाहेर ठेवण्याचें आहे. शरीरास मॅग्नेशियम हवें असेल तर नाचणी, बाजरी, तीळ, शेंगदाणे आणि पालेभाज्या या मार्गानेंच तें द्यावें.

मग बाहेरून लावण्यांत कांहींच अर्थ नाहीं काय? आहे, पण तो त्वचेपुरताच. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगांत कोरड्या, खाज सुटणाऱ्या त्वचेच्या माणसांनीं एक हात मृत समुद्राच्या मिठाच्या पांच टक्के पाण्यांत पंधरा मिनिटें आणि दुसरा साध्या नळाच्या पाण्यांत बुडविला. या मिठांत मॅग्नेशियम क्लोराइडच मुख्य असतें. कांहीं आठवडे असें केल्यावर मिठाच्या पाण्यांतला हात अधिक मऊ व ओलसर राहिला आणि त्याची लाली कमी झाली. गुण आहे तो एवढा. यावरून इसब बरा होतो असें कोणी समजूं नये.

घरोघर अधिक परिचित आहे तें एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. इंग्लंडांतील एप्सम गांवच्या कडू झऱ्यावरून त्यास हें नांव पडलें. १६९५ सालीं नेहेमाया ग्रू यानें या क्षारावर पुस्तक लिहिलें, आणि पुढें जुलाबाचें मीठ म्हणून तो जगभर पसरला. सकाळीं गाडींत उभ्यानें जाऊन संध्याकाळीं उभ्यानेंच नाहूरला उतरणाऱ्या माणसाच्या पायांस त्याचा शेक सुखाचा वाटतो. चार लिटर कोमट पाण्यांत सुमारें शंभर ग्रॅम क्षार विरघळवावा, पंधरा मिनिटें पाय बुडवावे, मग साध्या पाण्यानें धुवून बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करावे आणि खोबरेल लावावें. यांत क्षाराचा गुण किती आणि ऊन पाण्याचा व स्वस्थ बसण्याचा किती, हें वेगळें काढणें कठीण. माझा कौल ऊन पाण्याकडे अधिक आहे. परंतु घरांत कोणास मधुमेह असेल तर त्यांना हा शेक देऊं नये. त्यांच्या पायांची जाणीव मंदावलेली असते. पाणी किती कढत आहे तें त्यांना कळत नाहीं, भिजून मऊ झालेली कातडी फाटते, आणि लहानशा जखमेवरून पाय गमावण्याची पाळी येते.

माझ्या मतें घरीं करण्याजोगा खरा उपयुक्त प्रकार म्हणजे गळवावरचा लेप. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलें कीं सकाळीं पातेल्यांत पाणी सुटलेलें दिसतें. हा लेपही तशाच रीतीनें सुजलेल्या भागांतलें पाणी बाहेर ओढतो. ब्रिटिश औषधसंहितेच्या कृतींत सुकविलेलें मॅग्नेशियम सल्फेट सुमारें ४५ भाग, ग्लिसरीन ५५ भाग आणि किंचित फेनॉल असतें. फेनॉल घरीं मुळींच आणूं नये. तें कातडी भाजतें. एप्समच्या खड्यांत जवळजवळ निम्मा भार पाण्याचा असतो, म्हणून ते प्रथम कोरड्या कढईंत मंद आंचेवर ठेवावे. आधीं ते स्वतःच्याच पाण्यांत पातळ होतात, मग पांढरी कोरडी ढेप बनते. ती कुटून, वस्त्रगाळ करून, थोडें थोडें ग्लिसरीन घालीत घोटावी. दाट लेप झाला कीं कोरड्या कांचेच्या बरणींत घट्ट झांकून ठेवावा. उघडा राहिल्यास हवेंतली ओल घेऊन तो पातळ होतो व निरुपयोगी ठरतो. दिवसांतून दोनदां गळवावर जाड थर देऊन वर स्वच्छ कापडाची पट्टी बांधावी. गळूं पिळूं नये. नाकावर किंवा वरच्या ओठावर गळूं असेल, ताप आला असेल, लाली पसरत असेल अथवा रोगी मधुमेही असेल, तर लेपाची वाट न पाहतां डॉक्टरांकडे जावें.

घामोळ्यांस मात्र हे क्षार लावूं नयेत. घामाचीं छिद्रें बुजल्यामुळें घामोळें येतें. त्यास वारा, थंड पाणी आणि सैल सुती कपडा हेंच औषध. कोणी त्यावर मिल्क ऑफ मॅग्नेशिया चोळतात, पण आपली त्वचा किंचित आम्ल असते आणि तें औषध चांगलेंच अल्कलीधर्मी आहे. पूर्वीपासून घरांत असलेलें शंखजिरें, म्हणजे टाल्क, हेंही मॅग्नेशियमचेंच सिलिकेट. शेजारच्या मुलुंडास जॉन्सन अँड जॉन्सनच्या कारखान्यांत त्याची बाळांची पावडर बनत असे. २०२२ सालीं अन्न व औषध प्रशासनानें पावडरीचा पीएच मर्यादेबाहेर आढळला म्हणून परवाना रद्द केला; फेरतपासणीनंतर २०२३ च्या जानेवारींत मुंबई उच्च न्यायालयानें तो हुकूम रद्द ठरविला. कंपनीनें टाल्कची ही पावडर २०२३ सालीं जगभर बंद केली, आणि २०२४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें टाल्कला बहुधा कर्करोगकारक अशा वर्गांत घातलें. शिवाय तिची धूळ बाळाच्या श्वासांत जाते. तेव्हां तान्ह्या मुलास ती न लावणेंच बरें.

एप्समचे खडे साखरेसारखे किंवा मिठासारखे दिसतात आणि पोटांत गेले कीं जोराचा जुलाब होतो. लहान मुलांस आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांस तर त्यापासून विषबाधाही होऊं शकते. म्हणून त्यांची बरणी स्वयंपाकघराच्या फळीवर न ठेवतां वेगळ्या कपाटांत ठेवावी, आणि तिच्यावर ठळक अक्षरांत नांव लिहून चिकटवावें.