लिफाफ्यांत लिफाफा

पत्राचा लिफाफा लाखेनें बंद केला म्हणजे आंतला मजकूर झांकतो. परंतु पत्र कोठून निघालें व कोणास जात आहे हें टपालवाल्यास बाहेरूनच कळतें. संगणकांच्या जाळ्यावरून जाणाऱ्या निरोपाची स्थिति हीच. मजकूर सांकेतिक लिपींत घालतां येतो. पण निरोपाच्या प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्या व घेणाऱ्या यंत्रांचे आंकडी पत्ते असावेच लागतात. आणि पुष्कळदां पत्ताच सारें सांगून जातो. सरकारी कचेरींतील एखादा कारकून रोज रात्रीं वृत्तपत्राच्या संपादकास लिहितो एवढें वरिष्ठांस कळलें, तर त्याची नोकरी जाण्यास मजकूर वाचण्याची जरुरी नाहीं.

या अडचणीवर डेव्हिड चॉम या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९८१ सालीं एक तोड प्रसिद्ध केली. मध्यें एक संगणक ठेवावयाचा. त्याच्याकडे मोहोरबंद पत्रें यावींत. पुष्कळ सांठलीं कीं त्यानें वरचीं वेष्टनें काढून, क्रम पार बदलून, तीं पुढें धाडावींत. आंत गेलेलें पत्र कोणतें व बाहेर पडलेलें कोणतें, याचा मेळ टेहळणी करणाऱ्यास बसवितां येत नाहीं. तोड नामी, परंतु थांबावें लागतें. टपालास तें चालेल. पडद्यावर पान उघडण्याची वाट पाहणाऱ्यास कसें चालावें?

पुढें १९९५ च्या सुमारास अमेरिकेच्या आरमारी संशोधनशाळेंत गोल्डश्लाग, रीड व सायव्हरसन या तिघांनीं निराळी रचना बसविली. तिला त्यांनीं कांद्याचें नांव दिलें, आणि तें यथार्थ आहे. याच तत्त्वावर २००२ सालीं 'टॉर' हें जाळें चालू झालें. त्यांत पाठविणारें यंत्र वाटेवरचे तीन मध्यस्थ स्वतःच निवडतें व निरोपास एकावर एक तीन सांकेतिक वेष्टनें घालतें. प्रत्येक मध्यस्थाजवळ आपापल्या वेष्टनाचीच किल्ली. पहिला आपली साल सोलतो. त्यास पाठविणारा कळतो, पण खालीं सांपडतो तो केवळ दुसऱ्याचा पत्ता. दुसऱ्यास दोन्ही टोंकें अज्ञात. तिसऱ्यास घेणारा ठाऊक, पाठविणारा नाहीं. एखादा फितूर झाला तरी सबंध वाट त्यास सांगतां येत नाहीं.

आरमाराची ही विद्या लोकांस खुली कां केली? कारण मोठें मौजेचें आहे. केवळ आरमारी लोकच ती वापरूं लागले, तर तींतून बाहेर पडणारा प्रत्येक निरोप आरमाराचाच, हें पोरासहि कळेल. लपावयाचें तर गर्दी हवी. आणि गर्दींत बातमीदार, दुकानदार, नुसते हौशी, तसेच चोरहि असावयाचे. चोरांसाठीं वाटच बुजवावी असें म्हणणाऱ्यांशीं माझें जमत नाहीं. ती बुजली तर चोर दुसरी काढील. सांपडेल तो कारकून.

या विद्येच्या मर्यादाहि ऐका. डिसेंबर २०१३ मध्यें हार्वर्ड विद्यापीठांत बॉंब ठेवल्याचें खोटें पत्र एका विद्यार्थ्यानें टॉरमधून धाडलें. हेतु परीक्षा टळावी इतकाच. (जन्म शाळेंत घालविलेल्या मजसारख्यास हेतूचें नवल नाहीं, साधनाचें आहे.) कांदा कोणीं सोलला नाहीं. विद्यापीठाच्या जाळ्यावरून त्या वेळीं टॉर कोणीं वापरलें एवढेंच पाहिलें गेलें. त्यांत तो आढळला, व विचारतांच त्यानें कबुली दिली.

शिवाय तिसऱ्या मध्यस्थापुढें मजकूर स्वतंत्रपणें बंद केलेला नसेल, तर तो त्यास वाचतां येतो. आणि दोन्ही टोंकांवर एकाच वेळीं नजर ठेवणारा, निरोप निघाल्याची व पोंचल्याची वेळ ताडून, जोडी जुळवूं शकतो. रचनाकारांनीं २००४ च्या निबंधांत हें स्वतःच नमूद केलें आहे. निरोप अडवून, मिसळून, मग सोडावे तर हा धोका पुष्कळ कमी होतो; पण मग चॉमच्या टपालाइतका उशीर सोसावा लागतो.